सभा फटफटीची नव्हती

बडनेऱ्याच्या रस्त्यावर आमची फटफटी बंद पडली. मागे पत्रकांचा गठ्ठा, पुढे रेल्वेच्या चाळीत नळाच्या मागणीची सभा, आणि आम्ही तिघे भांडत उभे. एकाला गाडी कंपनीच्या एजंटाकडे न्यायची होती. मी साफ नाही म्हटलं. तो आधी गिऱ्हाइकाचा कोट पाहतो, मग गाडी! मला राजापेठेतला मिस्त्री हवा होता. तिसऱ्याने तर स्वतःच इंजिन खोलायला घेतलं.

तेवढ्यात एक रेल्वे कामगार सायकलवरून उतरला. त्याने मान हलवत सगळं ऐकलं, तिघांनाही "बराबर हाये" म्हटलं आणि विचारलं, "पन सभा तुमची हाये का फटफटीची?"

मग पत्रकं कॅरिअरला बांधून तो निघूनही गेला.

फटफटी ढकलत आम्ही पोचलो, तर हा गडी ओट्यावर उभा राहून आमचं पत्रक वाचत होता. ओळीओळीला थांबून विचारायचा, "पटते का वं माय?" बायका रिकाम्या घागरी बडवून होकार द्यायच्या. आम्हाला पाहून तो ओरडला, "सरका, गाडीवाले आले!"

त्याचं नाव विचारायचं राहिलं. नळाची मागणी मात्र एकमताने मंजूर झाली. फटफटी कुठे न्यायची, यावर आमचं अजून एकमत नाही.