अप्पांच्या डोणीतलं विरजण

पंचाक्षरी अप्पा दारात यायच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. येडशीच्या सोसायटीच्या तेलगिरणीवर करडीचं तेल गाळण्यात अर्धा जन्म गेलेला. धोतर असं तेलकट, की खुंटीची गरज नाही, भिंतीला टेकवलं तरी उभं राहील. असं आळी म्हणायची. आळीला काय, जीभ फुकट मिळालेली. अप्पा स्वतःही त्यावर हसत.

पण लेकीच्या, गिरजेच्या, लग्नाचा विषय निघाला की हसू मावळायचं. औशाकडची मंडळी तिला बघून गेली आणि मुलाची आई वाटेत बोलली, "पोरगी सोन्यावाणी हाय, पण बापाच्या मांडीखालची सतरंजी तेलानं भिजली की हो." स्थळ गेलं. तेव्हापासून अप्पांना एकच ध्यास, पुढच्या पाहुण्यांसमोर पांढऱ्याफेक धोतरात बसायचं.

बोलायला सोपं. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. प्यायला टँकर, धुण्याला तळ गाठलेल्या विहिरीचं जड पाणी. त्यात साबण फेस धरायचा नाही, नासल्या दुधागत फाटायचा. बायको रुद्रम्मा धोतर आपटून आपटून थकली. "तुमचं धोतर धुण्यापरास तुमालाच घाण्यात घालावं. शेरभर तेल तरी निघंल."

चारा नव्हता म्हणून सोसायटीनं जनावरांसाठी साखर कारखान्याची काकवीसारखी गोड मळी वाटली. अप्पांनी ती परसातल्या दगडी डोणीत ओतली, पाणी घातलं, करडीची पेंड कुस्करली आणि मेजवानीच करायची म्हणून तेलाचा गाळही वर ओतला. बैलानं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं ते फिरवलंच. डोण तशीच राहिली. आंबली, फसफसली, साय धरून बसली. मग एका सकाळी वाऱ्यानं दोरीवरचं धोतर नेमकं तीत पडलं.

रुद्रम्मानं नाक दाबून ते काठीनं उचललं आणि विहिरीच्या पाण्यात खळबळलं. मळीचा तांबूस रंग निघाला आणि त्याच्यासंगं तेलही निघालं. आत खरोखर धोतर होतं.

शाळेत विज्ञान शिकवणारे पिराजी वाघमारे मास्तर मुद्दाम बघायला आले. डोणीवर वाकून म्हणाले, "अप्पा, ह्यात यीस्ट वाढलंय. ताडी आंबवतं ना, त्याच्याच भावकीतलं. डोळ्यांना दिसत नाही. गोड खातं, तेल खातं आणि साबणासारखं काहीतरी बाहेर टाकत असावं. जड पाण्यातही चालतंय म्हणजे नवलच."

"म्हंजे आमचंच खाऊन आमचंच धुतंय?"

"तसंच."

"मग लई बेस. आमच्या घरात नुसती खाणारीच हायत."

आळीनं मात्र नाकं मुरडली. सोसायटीचे चेअरमन बलभीमराव टोपी सारखी करत बजावून गेले, "अप्पा, ही घाण काढा. रोगराई यील." शेजारच्या मथुराबाईंनी तर परसाकडचं दार लावून घेतलं. आता त्या दिवसांत चेअरमनची टोपी कशी चकाकायची आणि मथुराबाईंच्या लुगड्याचा मूळ रंग कसा दिसायला लागला, हे विचारायचं नसतं.

परंड्याहून निरोप आला, पुढच्या सोमवारी मुलगी बघायला येतो. अप्पा आनंदात गिरणीवर गेले. रुद्रम्माही आनंदात होती. पाहुण्यांना वास नको म्हणून तिनं डोण उपसली, राखेनं घासली, वर उकळतं पाणी ओतलं. संध्याकाळी नवऱ्याला हाताला धरून दाखवलं, "कशी लख्ख केली बघा."

अप्पा डोणीच्या काठावर बसले. अंगावरचं धोतर पुन्हा तेलानं थबथबलेलं. मळी होती, पेंड होती. विरजणच गेलं होतं. रुद्रम्माच्या ध्यानात आलं तशी ती मटकन शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी अप्पा दारोदार फिरले. "कुणी नेलं आसंल तर वाटीभर द्या. म्या नाव इचारणार न्हाय."

मथुराबाई म्हणाल्या, "त्या घाणीला आमी हात लावू व्हय?" बलभीमरावांना तर ऐकूनच शिसारी आली. अप्पा रिकाम्या हातानं परतले.

पुढच्या सकाळी रुद्रम्मानं दार उघडलं तर ओटा तांब्यांनी भरलेला. प्रत्येकावर पळसाचं पान झाकलेलं, पानाखाली फसफस. देणाऱ्यांनी तोंडं लपवली, पण तांब्यावर नाव कोरलेलं असतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गिरजा एकेक उचलून मोठ्यानं वाचायला लागली. "मथुराबाई. मथुराबाई. हाबी मथुराबाईच." शेजारची खिडकी लागली. "चिरंजीव बलभीम यांस सासऱ्यांकडून सप्रेम भेट."

"वाचू नगं गं, मानसं मरतील लाजंनं," अप्पा म्हणाले आणि हसता हसता ओट्यावरच लवंडले.

सगळे तांबे डोणीत गेले. मळी, पेंड, गाळ पडला, आणि सोमवारच्या आत डोणीनं साय धरली.

सोमवारी अप्पा बगळ्यागत पांढरेफेक होऊन बसले. मुलाची आई नीलम्मा बारीक नजरेची. पोहे झाले, चहा झाला. उठताना तिनं अप्पांच्या जागेची सतरंजी हळूच चाचपली आणि बोटं डोळ्यांसमोर धरली. कोरडी.

"पसंत हाय," ती म्हणाली. मग रुद्रम्माला कोपऱ्यात घेऊन कुजबुजली, "इहीणबाई, आमचा पोरगा डिझेल इंजनं दुरुस्त करतो. त्याच्या कपड्यांपायी माझे हात गेले. तुमी धोतराला काय लावता?"

लग्नात रुखवत मांडलं तेव्हा लाडू-करंज्यांच्या ताटांशेजारी एक मडकं फसफसत होतं, आणि नवरी मुंडावळ्या सावरत पाहुण्यांना बजावत होती, "ते खायाचं न्हाय हं."