तिथनं फोन आला की विक्री

सोमवारी सकाळी साडेनऊला आईला मेसेज टाकला, ‘पोचलीस का?’ त्यावर एक टिक आली. दुसरी येईना.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच! पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. त्यात आईचा जुना बटणांचा फोन होता तोवर दर सोमवारी नऊच्या आत पोचल्याचा तिचा मिस्ड कॉल यायचाच, एकदाही चुकला नव्हता. आणि तो फोन बदलायला लावला कुणी? मीच.

बी.कॉम. झाल्यापासून मी बेळगावात, अनगोळला एका मोबाईलच्या दुकानात काउंटरला बसते. दुकानात माणसं तीनच. मालक अण्णा, दुरुस्तीला शैलाक्का आणि मी. अशा दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, धूळ बसते तसे बसतात. संध्याकाळी झटकले नाहीत तर सकाळी त्यांच्यावर नवा थर! त्या सोमवारी मी दिवसभर एकच नंबर लावत होते, आणि माझा चेहरा बघून अण्णा नि शैलाक्का एकेक किस्सा काढत होते. काही माझ्यासमोर घडलेले, काही मी यायच्या आधीचे. आज सांगते तर त्या माणसांचं मलाच नवल वाटतं.

*

पहिला आईचाच.

आई सरकारी उपकेंद्रात नर्स आहे, कणकुंबीच्या पुढं, जंगलातल्या वाड्यांवर. आम्ही मूळचे निपाणीचे. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आई शिकली आणि नर्स झाली. आठवडाभर ती तिकडं, शनिवार-रविवार माझ्याकडं.

त्या शनिवारी मी तिला ओढतच दुकानात आणलं. म्हटलं, “आई, फाइव्ह-जीच घे. पुढं उपयोगी पडेल.”

“फाइव्ह-जी?” आई म्हणाली. “अगं, तिथं अजून एक-जी आला न्हाय!”

कॅमेरा दाखवला, डिस्प्ले दाखवला. बाई ढिम्म. शेवटी तिनं एकच विचारलं, “टॉर्च कसा हाय?” आणि मी काढून ठेवलेले तीन फाइव्ह-जी घेऊन सरळ काउंटरखाली शिरली! बसली खाली मांडी घालून, अंधारात. अण्णा माझ्याकडं बघताहेत, मी छताकडं. खालून आवाज येतोय, “ह्यो न्हाय... ह्यो बी न्हाय...”

थोड्या वेळानं बाहेर आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुई. सुईत दोरा ओवलेला!

“ह्याच्या उजेडात नेढं दिसलं. ह्यो द्या.”

अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. “नर्सबाई, मेगापिक्सेल इचारणारी लई बघितली. सुई घेऊन आलेलं गिऱ्हाईक तुमीच पहिलं!”

तरी नियम तिलाही तोच. जंगलाकडच्या गिऱ्हाइकांसाठी अण्णांचा ठरलेला नियम आहे. नवा फोन घेऊन जायचा, जुना दुकानात ठेवायचा. गावातून फोन लागला आणि इथं आम्हाला आवाज आला की विक्री पक्की. आठ दिवसांत नाही आला तर फोन परत आणायचा, जुना घेऊन जायचा. म्हणजे आईचा भरवशाचा फोन आमच्या ड्रॉवरमध्ये, आणि आई रानात, मी घ्यायला लावलेल्या फोनसकट.

*

साडेदहाला मी नंबर लावला. रेकॉर्ड केलेली बाई कन्नडमध्ये म्हणाली, सदर ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. अकराला तीच. सव्वाअकराला तीच.

अण्णा म्हणाले, “अश्विनी, त्या बाईला तरी जरा इसावा दे गं!”

आणि मला हसवायला त्यांनी नियमाच्या जन्माची गोष्ट काढली. पूर्वी तिकडचा एक माणूस यायचा. फोन घेऊन जायचा, चार दिवसांनी परत. “अण्णा, दुकानात लागतोय, घरात न्हाय.” दुसरा दिला, परत. तिसरा दिला, परत! अण्णा वैतागले. म्हणाले, “पावणं, ह्यो चौथा. पैसे आत्ता देऊच नका. तिथनं मला फोन करा, मग बघू.”

सहा दिवस काही नाही. सातव्या दिवशी दुकानात गर्दी असताना फोन वाजला. पलीकडून जिवाच्या आकांतानं, “अण्णाऽऽ, लागला!” आणि लाईन कट.

अण्णांनी आनंदानं गिऱ्हाइकांना चहा पाजला. सगळे चहा पितात तोवर परत फोन.

“अण्णा, मगाशी खरंच लागलता न्हवं?”

*

मास्तरांचा किस्सा मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलेला. नंदगडकडचे निवृत्त मास्तर. खोक्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक शब्दाला थांबायचे. “रॅम म्हणजे काय? स्टोरेज म्हणजे काय? दोन्ही जीबीच, मग दोन आकडे कशाला?”

मी कॉलेजात शिकलेलं सगळं सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळ, पाठांतर चांगलं आहे.”

अण्णा पुढं आले. “मास्तर, रॅम म्हणजे सैपाकघरातला ओटा. स्टोरेज म्हणजे माळा. ओटा ल्हान असला की एका टायमाला एकच भाकरी. माळा ल्हान असला की डबे ठेवायला जागा न्हाय.”

मी थक्क! तीन वर्षांच्या डिग्रीत मला कुणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी डोळे मिटून विचार केला. “मग ओटा मोठा द्या. माळ्यावर काय, नुसती अडगळ जमते. ती आमच्या घरात आधीच आहे.”

*

बारा वाजले. मेसेजवर अजून एकच टिक. डबा उघडला आणि तसाच मिटला.

शैलाक्का अण्णांना म्हणाली, “फुलवाल्या आक्कांचं सांगा की हिला.” सांगितलं अण्णांनीच. बाजारात फुलं विकणाऱ्या या आक्का फोन घ्यायला आल्या आणि डोळे घट्ट मिटून स्टुलावर बसल्या. “एकेक वाजवा.”

अण्णांनी बारा फोन वाजवले. बारा! आक्का प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होत्या. मग म्हणाल्या, “असं न्हाय. तुमी दोघं भांडा. बाजारात असतंय तसं. आनि मग वाजवा.”

आणि अण्णा-शैलाक्का खोटंखोटं भांडायला लागले! “दोन रुपये कमी कर!” “परवडत न्हाय!” रस्त्यावरची चार माणसं सोडवायला आत आली. त्या गोंधळात आक्कांनी बोट दाखवलं, “सातवा!”

अण्णा म्हणाले, “त्याचा रंग जरा असाच हाय, आक्का. दुसऱ्या रंगात न्हाय.”

“मला काय त्येला हार घालायचाय व्हय?”

*

हसले मी, खोटं कशाला सांगू? पण हसता हसता नंबर लावलाच. तीच बाई.

तेवढ्यात एक काका आले. हातात स्टीलचा डबा, वर झाकण, झाकणावर रबरबँड. मला वाटलं जेवायला बसणार. डबा काउंटरवर ठेवून म्हणाले, “जरा फुगलाय. पण चालतोय.”

झाकण काढलं. आत फोन, आणि बॅटरी पुरीसारखी टम्म! मागचं कव्हर उचललं गेलेलं!

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी थेट समोरच्या टेलरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तिथून बघितलं तर शैलाक्का जागेवरच होती. तिनं वाळूची बादली ओढली, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं बॅटरी अशी अलगद सोडवली, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगाखालचं दुपटं काढतेय, आणि वाळूत ठेवली. मग मला हाक मारली, “ये गं आता, झालं!”

मी काकांना विचारलं, “कधीपासून असा आहे?”

“दोन महिने झाले की.”

“आणि तुम्ही ठेवत कुठं होता?”

“उशाला. गजर लावतोय न्हवं!”

*

तीनला मात्र मला रडू फुटलं. अण्णांनी हसणं सोडलं आणि स्टँडवर ओळखीच्या कंट्रोलरला फोन लावला. सकाळची गाडी जाऊन परत आली होती. ड्रायव्हर म्हणाला, “नर्सबाई व्हय? उतरल्या की फाट्यावर. नवा फोन दाखवला मला. टॉर्च लावून दाखवला, दिवसाढवळ्या!”

म्हणजे फाट्यापर्यंत आई ठीक. पण फाट्यापासून पुढं चार किलोमीटर पायवाट. त्या रानात अस्वलं आहेत, हे मला आईनंच सांगितलेलं, आणि वर सांगितलेलं की अस्वल दिसलं तर पळायचं नाही. मी तर डब्यातली बॅटरी बघून पळते! माझ्या डोळ्यांपुढं ती पायवाट, तिच्यावर पडलेली आईची पिशवी, आणि शेजारी रेंज नसलेला तो फाइव्ह-जी.

“जुना असता तर लागला असता,” मी म्हणाले. “माझ्यामुळं झालं हे सगळं.”

शैलाक्कानं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि माझं डोकं आपल्या खांद्याला टेकवून घेतलं. मग तिनं स्वतःच किस्सा काढला. स्वतःचे किस्से ती कधी सांगत नाही.

शैलाक्काही निपाणीचीच. वीस वर्षं तिनं घरी विड्या वळल्या. मग बायकांसाठी मोबाईल दुरुस्तीचा फुकट कोर्स निघाला तेव्हा मुलाखतीत साहेब म्हणाला, “हे बारीक काम आहे, जमेल?” शैलाक्कानं विचारलं, “साहेब, हितल्या किती जणांनी दिसाला हजार नग केल्यात?” राईच्या दाण्याहून बारीक पार्ट ती चिमट्यानं बसवते तेव्हा मी श्वास रोखून बघते.

तर एक गुऱ्हाळवाले मामा आले. फोन काकवीच्या डब्यात पडलेला. थंड काकवी होती म्हणून वाचला म्हणायचा. तीन दिवस त्यांनी तो उन्हात वाळवला होता. शैलाक्कानं स्क्रू काढले मात्र, चार्जिंगच्या भोकातून मुंग्या निघाल्या. एकामागे एक, शिस्तीत, शाळा सुटल्यासारख्या!

“मग?” मी नाक पुसत विचारलं.

“मग काय, त्यांना जाऊ दिलं. घाई न्हवती मला.”

दोन दिवस तिनं तो फोन ब्रशनं धुतला, एकेक तुकडा वेगळा करून. तिसऱ्या दिवशी फोन सुरू! मामांनी कानाला लावला, बायकोशी बोलले, आणि त्यांना इतका आनंद झाला की मजुरी देऊन वर दोन किलोचा डबा शैलाक्काच्या हातात ठेवला. “घ्या आक्का, घरची काकवी.”

शैलाक्का म्हणाली, “अहो मामा, एवढी कशाला?”

“घ्या हो. तीच हाय ती.”

*

पावणेसहा. उन्हं दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली होती. अण्णा म्हणाले, “अश्विनी, आता आपण गाडी काढू. शैला, शटर वढ. सात-साडेसातपर्यंत पोचतोय आपण.” शैलाक्कानं न विचारता स्वतःची पिशवी उचलली. ती पण येणार होती!

मी उठताना सवयीनं नंबर लावला. त्या कन्नड बाईची वाट बघत होते.

रिंग गेली.

मी पुतळ्यासारखी उभी. अण्णांनी हातातली किल्ली तशीच धरून ठेवली. एक रिंग. दोन. पाच. सात. मी मनात ‘उचल, उचल’ म्हणत होते की मोठ्यानं, मला माहीत नाही. मग खट्ट झालं.

“हॅलोऽऽ!”

पुरुषाचा आवाज. म्हातारा, खोल. मागं वारा सूं सूं करतोय आणि त्या वाऱ्यात आणखी दोन-तीन फोन वेगवेगळ्या गाण्यांत वाजताहेत!

मी किंचाळलेच. “कोण तुम्ही? आईचा फोन तुमच्याकडं कसा?”

“वरडू नका ओ बाई. हितं जांभळीच्या फांदीला नऊ फोन टांगल्यात पिशव्यांत. वाडीत रेंज न्हाय, हितं हाय. वाजंल त्यो उचलायचा, निरोप घ्यायचा. सोमवार माझा हाय.”

“माझी आई कुठंय? नर्सबाई?”

“ह्यो नवा फोन त्यांचा व्हय? आत्ताच आणून अडकवला बगा बाळंतिणीच्या घरातनं. बाई सकाळधरनं तिथंच हाईत, हलल्या न्हाईत. पैली खेप म्हणून येळ लागला, लाईट गेल्ती, ह्याच फोनच्या उजेडात केलं समदं, पर पोरगी झाली, चांगली हाय...” आणि म्हातारा एकदम थांबला. “थांबा, थांबा. तुमी लेक न्हवं त्यांची? बेळगावची?”

“हो!”

“मग चुकलंच की माझं. बाईंनी निरोप धाडलाय, लेकीचा फोन येईल, ती लई भित्री हाय, तिला आधी एवढंच सांगायचं आनि मग बाकीचं. मी उलटंच बोलत बसलो.”

त्यानं घसा खाकरला.

“तर ऐक गं बाई. मी बरी हाय.”