वावरातली चोरपोथी

माझ्याकडे एक जाडजूड कादंबरी आहे. पुसदला पुस्तकांच्या प्रदर्शनात घेतलेली, बाइंडिंग सुटलेली, मधल्या पानांवर हळदीचे डाग. नवरा तिला चोरपोथी म्हणतो. "झालं का पारायण?" असं विचारत तो स्वतःच चहा ठेवतो, म्हणून मी त्याचं बोलणं मनावर घेत नाही.

त्या कादंबरीत एका राजाने अख्ख्या नगराच्या सावल्या तळघरात कोंडून ठेवल्यात आणि पाच चोर त्या पळवायला निघालेत. पाचांत एक धड नाही. कुलपं उघडणारी अंधाराला भिते. चेटकीण इतकी तापट, की मंत्र म्हणता म्हणता भांडायला लागते. ती मला फार जवळची. आणि एक खोटारडा आहे, जेवलास का विचारलं तरी खोटं सांगणारा. माझा जीव त्याच्यावर. गुणी माणसांच्या गोष्टी वाचताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. या पाचांत मी पाय पसरून बसते.

यंदा ही गोष्ट वावरात पोचली. फुलसावंगीच्या शिवारात आमचा कापूस आहे, गावापासून लांब. वेचायला बाया मिळणं मुश्कील. बाकीचे शेतकरी बायांच्या दारात ऑटो उभा करतात, आमच्याकडे ऑटो येईल असा रस्ताच नाही. मीही कमरेला ओटी बांधून वेचत होते आणि वेळ जावा म्हणून त्या चोरांचं सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी बाया आपणहून आल्या. त्यांची म्होरकी म्हणजे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारी मावशी, सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे येणारी. वावराच्या धुऱ्यावर पाऊल ठेवताच तिने विचारलं, "मंग सूनबाई? उघडलं का नाई कुलूप तिनं?"

मग प्रत्येकीने आपापला चोर निवडला. चेटकिणीसाठी दोघी भांडल्या. मावशीने खोटारड्याला घेतलं. "माहा मालक असाच होता," ती म्हणाली. "वावरात चाललो म्हणे, अन् भजनात जाऊन बसे." सगळ्या खूप हसल्या, तीही हसली.

मी पुरवून पुरवून सांगत होते. तरी गोष्ट संपत आली आणि अर्धं वावर अजून पांढरंच होतं. त्यात आभाळ भरून येऊ लागलं. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापूस काळा पडतो. सकाळी पाण्याची कॅन भरता भरता नवरा म्हणाला, "आज शेवट हाय ना? त्या खोटारड्याले जगव. बाया नाराज होऊन दुसरीकडं गेल्या, तं तुहा चोर येनार हाय का कापूस वेचाले?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी बरं म्हटलं, आणि खरंच जगवणार होते.

दुपारी भाकरी खाऊन आम्ही परत कापसाला लागलो. गोष्ट भुयाराच्या तोंडाशी आली. सावल्या सुटल्यात, चौघं बाहेर पडलेत, वरून दगडी दार खाली येतंय, आणि ते खांद्यावर पेलून धरलेला खोटारडा म्हणतो, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." हे वाक्य तोंडून निघालं आणि पुढची लबाडी मला काही जमेना.

"तो आला नाही," मी सांगून टाकलं. "ते त्याचं शेवटचं खोटं."

सगळ्यांचे हात थांबले. "काहून मारलं वं त्याले?" एकीने मलाच विचारलं, जसं काही ते दार मीच सोडलं होतं. मावशीने खर्रा थुंकला, ओटी रिकामी केली आणि दिवस बराच बाकी असताना गावाची वाट धरली. बाकीच्या तिच्या मागे गेल्या. संध्याकाळी नवऱ्याने चहा ठेवला नाही. मला राग आला, त्याचा, आभाळाचा, लेखकाचाही. शेवट बदलला नाही याचं मात्र वाईट वाटत नव्हतं.

सकाळी आभाळ आणखी खाली आलेलं. आम्ही दोघंच वेचायला लागलो. गावाकडून ऑटोचा आवाज आला आणि लांब निघून गेला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "चेटकीण," तो म्हणाला. मला रागातही हसू आलं.

थोड्या वेळाने तुरीच्या पलीकडून रुमाल बांधलेली डोकी दिसली. पुढे मावशी होती. ती माझ्या शेजारच्या ओळीला लागली.

"पह्यल्यापासून सांग," ती म्हणाली.

"तीच गोष्ट?"

"तीच. शेवटही तोच ठेव. आता मले मालूम हाय, तो कवा खोटं बोलते. आता त्याचं एक-एक खोटं नीट आयकू दे. मालकाच्या वक्ताले मी नुसती भांडत राह्यली."

पुढे कापूस कोरडाच घरी आला, हे आधी सांगून टाकते. त्या सकाळी मी पुन्हा नगरापासून सुरुवात केली. खोटारडा पहिल्यांदा येतो तेव्हा चेटकीण त्याला विचारते, जेवलास का.

"जेवलो," मी त्याच्या वतीने म्हटलं.

मावशी बोंडातला कापूस ओढता ओढता हसली.

"नाई जेवला तो," ती म्हणाली.