धुतलं कुणी?

कोल्हापुरात फ्रेंच चित्रकला शिकवणारी बाई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं कोण आलं, मला म्हाईत हाय. बॉबकट, गळ्यात स्कार्फ, हातात काळी कॉफी. चुकलासा पावणं. आमच्या बाई आजऱ्याच्या. अंबाडा, चष्म्याला दोरी, आणि पर्समध्ये पोरांना वाटायला काजू.

फ्रेंच चित्रं म्हटल्यावर मनात दुसरं बी कायतरी आलं असणार. आमच्या बी आलतं. म्हणून तर पहिल्या दिवशी वर्ग फुल्ल.

बाईंनी पडद्यावर चित्र लावलं. नदीकाठ, होड्या, पांढऱ्या झग्यातल्या बायका. बाई पडद्याजवळ गेल्या, झग्यावर बोट टेकवलं, मान तिरकी केली आणि इचारलं, "धुतलं कुणी?"

मागनं एकजण म्हणाला, "परटानं."

"कुठला परीट? ऱ्हातोय कुठं, खातोय काय?"

मग शेजारी दुसरं चित्र लावलं. दोन बायका इस्त्री करत्यात. एक सगळा भार टाकून वाकलीया, दुसरी हातात बाटली धरून तोंडभर जांभई देतीया. बाई म्हणाल्या, दोन्ही चित्रं एकाच गावची. नदीवरचा रविवार सोमवारी हिच्याकडं धुवायला येतो. तवा पॅरिसात जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते केलते, गरीब कडेला गेलता, आणि रेल्वे झाली म्हणून साधा कारकून बी नदीवर हवा खायला जायला लागलता. "रंग मागनं बघू. आधी गाव बघा."

तवापासनं माझं डोकं बिघडलं. गडमुडशिंगीत आमच्या भावकीतल्या लग्नाला गेलतो, तर नवरदेव सोडून मी मांडवाच्या कनातीकडं बघत बसलो. आई म्हणाली, कॉलेजात ह्याला काय खायला घालत्यात बघा की.

बाईंची नक्कल मी झ्याक करायचो. तिरकी मान, बोट, नाकातनं काढलेला 'धु'. एकदा त्यांनी दारातनं बघितलं. "मान जरा जास्त झाली," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग कळलं, बाईंचा वर्ग बंद करून तिथं कॉम्प्युटर लावायचं घाटतंय. ठरवायला संस्थेचं चेअरमन स्वतः आलं. कडक खळीचा पांढराशुभ्र शर्ट. बाकावर टेकलं आणि इचारलं, फ्रान्सच्या चित्रांचा आमच्या पोरांना उपयोग काय?

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत ऱ्हायल्या. मला ते बघवलं न्हाय. उठलो, चेअरमनांफुडं गेलो, त्यांच्या बाहीजवळ बोट नेलं, मान तिरकी केली. "धुतलं कुणी?"

चेअरमन रागावलं न्हाईत. बाहीकडं बघत ऱ्हायलं. "आमच्या..." एवढंच म्हणालं. तवर मी वळून पोरांकडं डोळा मारलता. अख्खा वर्ग खदाखदा हसला. चेअरमन बी हसलं, शर्ट झटकला आणि निघालं.

ह्या जूनपासनं त्या खोलीत कॉम्प्युटर हाईत. बाई आजऱ्याला परत गेल्या.

पण त्या दिवशी पोरं पांगल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलंतं. मला वाटलं, वर्ग घालवला म्हणून कान उपटणार. बाई म्हणाल्या, "वर्गाचं जाऊ दे, त्यो जाणारच हुता. पण तो माणूस सांगाय लागलता की रं. आमच्या आईनं म्हणणार हुता, का बायकोनं, का गड्यानं? आता आपल्याला कसं कळायचं? टोमणा मारायला शिकिवलंतं व्हय मी तुला? इचारलंस तर उत्तर येस्तोवर तोंड मिटून उभं ऱ्हायचं, गाढवा."