साक्षीतला माझा हात

हैदराबादला जायचं ठरलं ते फोनवर. आमचा पुतण्या अमोल तिथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे, कुकटपल्लीला राहतो. त्याने विचारलं, "काका, आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत रविवारी साक्ष द्याल का?" आमचे हे, म्हणजे योहानराव, लगेच हो म्हणाले. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कसं सावरलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. ह्यांची साक्ष आमच्याकडे गाजलेली आहे. कारखान्याने नावाला स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं, हे दारूत बुडाले, एका संध्याकाळी मला ढकललं, पायरीवरून पडून माझा उजवा हात मोडला, आणि दवाखान्याच्या बाकापाशी ह्यांनी जन्मात पहिल्यांदा गुडघे टेकले. सगळं खरं आहे. त्यानंतर दारूचा थेंब नाही.

पण चौदा वर्षं मी हे पहिल्या बाकावर बसून ऐकते आहे. मी ह्यांना माफ केलंय, प्रभूसमोर, मनापासून. तरी दर साक्षीला तो हात नव्याने मोडतो, आणि उपासना संपली की बायका तो हातात घेऊन डोळे पुसतात. मला आता थकवा आलाय त्याचा. ह्या प्रवासात ह्यांना सांगायचंच की हात वगळा, असं ठरवून मी बॅग भरली.

पुण्याहून संध्याकाळची गाडी पकडलीत तर सकाळी नामपल्लीला उतरता. खालच्या बर्थसाठी महिनाभर आधी तिकीट काढा. मला वरचा मिळाला आणि गुडघे पुढे दोन दिवस ठणकत होते. स्टेशनबाहेर आधी इराणी चहा घ्या, दाट, गोड, पाच रुपये. सोबत उस्मानिया बिस्कीट. रिक्षावाल्याने कुकटपल्लीचे दोनशे सांगितले. हे हुज्जत घालायला लागले तसा तो म्हणाला, "कायकू झगडते चचा? ट्राफिक देखे क्या?" शेवटी बसने गेलो, तासभर उभ्याने. अमीरपेटला तर खांब दिसत नाहीत इतक्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. काचेच्या इमारती, अर्धवट फ्लायओव्हर, आणि सगळीकडे पाठीवर बॅग घेतलेली पोरं. ह्यांचा कारखाना बंद पडला त्याच सुमारास ह्या सगळ्याची सुरुवात झाली असणार, असं मनात आलं.

अमोलची बायको सुझन हैदराबादेतच वाढलेली. मला पाहून म्हणाली, "काकू, थोडं लेटून घ्या ना. अगोदर पेसरट्टू खाऊन घ्या, गरम आहे." हिरव्या मुगाचं ते धिरडं, आत उपमा. फार छान. मी दोन खाल्ले आणि खरोखरच झोपले.

शनिवारी चारमिनार पाहिला. खालूनच. जिने तुमचे तुम्ही चढा, मला विचारू नका. तिथून उपासनेसाठी फुलं घ्यायला जामबागेच्या फुलबाजारात गेलो. शेवंती घेतली आणि समोरच्या हॉटेलात चहा मागवला. हे कपाकडे बघत ओठांतल्या ओठांत साक्षीची तयारी करत होते.

"उद्या हाताचं सांगू नका," मी म्हणाले.

"कुठल्या हाताचं?"

"माझ्या."

ह्यांनी बशी खाली ठेवली. "मग साक्षीत उरतं काय?"

मला असा राग आला! "माझा हात मोडला नसता तर प्रभू आलाच नसता का? ते पाप त्याला देऊन टाकलंत ना? मग दर वेळी परत का मागून घेता?"

हे शेवंतीच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. मग हळूच म्हणाले, "मला भीती वाटते गं. सांगायचं थांबवलं तर परत तसाच होईन."

चौदा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. ह्यांना मिरवायला आवडतं, असंच मी धरून चालले होते. मी चहाचे पैसे दिले आणि शेवंतीची पुडी उचलली.

रविवारची उपासना नारायणगुड्याला, भाड्याने घेतलेल्या एका वर्गात. तीसेक माणसं, बहुतेक तरुण. मराठी वाचता येत नाही म्हणून गाणी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, पण म्हणत होती जीव तोडून. काहींच्या बायका तेलुगू, म्हणून एक गृहस्थ ह्यांच्या प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत होते. कारखाना झाला, बाटली झाली. "एका संध्याकाळी मी घरी आलो," हे म्हणाले. तेलुगूत तेही सांगून झालं. गृहस्थ थांबले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"पुढचं तिचं आहे," हे म्हणाले. "मी ते फार वेळा सांगितलं. आता सांगणार नाही."

गृहस्थ गोंधळले. "मग पुढे काय झालं, अंकल?"

"पुढे..." हे म्हणाले. "आज सकाळी उठलो. प्यावीशी वाटली नाही. प्रभूचे आभार मानले. उद्याचं उद्या उठून मागेन." आणि खाली बसले.

अमोलचं तोंड उतरलं. "काका, एवढंच?" मला मात्र रडू आवरेना.

नंतर चहाच्या वेळी कोणीही माझा हात हातात घेतला नाही. मी कप घेऊन खिडकीशी एकटीच उभी होते, आणि काय सांगू, चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी नुसती ऐकत नव्हते. सोशिक बाई म्हणून भावही खात होते. स्वतःचीच लाज वाटली. डोळे न मिटता, तिथेच उभ्याने, मी प्रभूला म्हणाले, हेही घे बाबा.

परत येऊन तीन आठवडे झाले. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, पायांत चांगल्या चपला घाला, बिर्याणी दोघांत एक पुरते. सगळं सुरळीत झालंय असं मात्र समजू नका. हे दोन रविवार घुम्यासारखे मागे बसले. पहाटे उठून प्रार्थना करतात, आवाज कापरा येतो. मी पडल्या पडल्या ऐकते आणि आमेन म्हणते.

परवा बायकांच्या प्रार्थना सभेत मंडळीतल्या एका नव्या सुनेने विचारलं, "काकू, तुमचा हात कसा मोडला होता हो?" सगळ्या माझ्याकडे वळल्या. ती गोष्ट मला कुठे थांबायचं त्यासकट पाठ आहे.

"बरा झालाय," मी म्हणाले, आणि तिला गाण्याचं पान काढून दिलं.