चुकलं म्हणायचं नाही

साखर पेठेत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. इतकी वर्षं मी विम्याशिवाय लोकांच्या कमरा सरळ करत होते आणि त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग एका खाजगी हॉस्पिटलने आठवड्यातून तीन दिवस बोलावलं, पण आधी व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याचा कागद आणा म्हणाले. म्हणजे उपचारात आपल्या हातून पेशंटला इजा झाली, तर भरपाई विमा कंपनी देणार. माझ्या मावसदिराचा धंदाच तो. त्याने जेवता जेवता पॉलिसी समजावली. निम्मी माझ्या डोक्यावरून गेली. एक गोष्ट मात्र त्याने तीनदा सांगितली.

“वहिनी, काही झालं तर आधी आम्हाला कळवायचं. पेशंटसमोर ‘माझं चुकलं’ असं म्हणायचं नाही.”

“आणि खरंच चुकलं असेल तर?”

“मग तर अजिबातच नाही.”

मी हसले आणि सही करून टाकली.

काही महिन्यांनी क्लिनिकमध्ये अक्का आल्या. विड्या वळणाऱ्या, साठीच्या. जन्मभर मांडी घालून सुपावर वाकून कंबर पार धरलेली. त्यांच्या फाइलवर माझ्याच अक्षरात ‘मधुमेह’ लिहिलेलं होतं. अशा माणसाच्या कातडीला गरम-गार कळतं का, हे शेक देण्याआधी तपासायचं असतं. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी बाहेर गर्दी होती आणि मी ते केलं नाही. वर गरम पिशवीभोवती टॉवेलची एक घडी कमी घातली.

“चटका बसतोय का अक्का?”

“नाही की ओ मॅडम. बरं वाटतंय.”

पिशवी उचलली तर खाली तळहाताएवढा लालभडक डाग. अक्कांना पत्ताच नव्हता. मी गार पाण्याचं फडकं ठेवलं, रिक्षात घालून त्यांना डॉक्टरांकडे नेलं, औषधं आणली. सगळं केलं, तेवढे दोन शब्द सोडून. ते अगदी ओठांवर आले आणि नेमका मावसदीर आठवला.

त्याला फोन केला. “काही बोललात का?” “नाही.” “छान केलंत.” अक्कांचं कसं आहे, हे त्याने विचारलंच नाही.

मग मी पॉलिसी काढून वाचत बसले. ‘चुकलं’ असं बोलले आणि त्यावरून कंपनीने हात वर केले, तर अक्कांना भरपाई मिळणार नाही. म्हणजे मी गप्प बसणं त्यांच्याच भल्याचं? का माझ्या? हा विमा नक्की कुणाचा, माझा का त्यांचा? एक कलम वाचलं की आधीचं कळलेलंही कळेनासं व्हायचं. खरं सांगायचं तर गप्प बसा असं छापील मिळाल्यामुळे मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग करून अक्का माझ्याकडे आल्या. मी टॉवेल आवरत होते.

“मॅडम, माफ करा की. माझ्यामुळं तुमाला तरास झाला. सून रोज बोलतीय, भाजलेलं बी कळत न्हाई का म्हणून. आता गॅसपाशी जाऊ देत न्हाई मला.”

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “अक्का, तुमचं नाही, माझं चुकलं. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही.”

त्या रागावतील, नाहीतर ‘असू दे’ म्हणतील, असं मला वाटलं होतं.

“मग त्याच दिवशी का न्हाई सांगितलं ओ? पाच दिस मी घरात बोलणी खाल्ली की.”

पॉलिसीचं सांगायला मी तोंड उघडलं. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. आता भरपाईचं काय होणार, तेही कळेना.

“सुनेला फोन लावा,” मी म्हणाले. “मी बोलते.”

अक्कांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मी क्लिनिकमधून बोलतेय म्हणताच पलीकडून सुनेचा आवाज आला, “आता काय केलं ह्यांनी?”

“त्यांनी काही नाही,” मी म्हणाले. “मी केलंय.”