पाटीवरचं चौदा

आमच्या घरात भूत हा शब्द फक्त चेष्टेत यायचा. वरच्या मजल्यावर लाकूड करकरलं की हे म्हणायचे, "आलं बघ, त्याला पण चहा टाक." आम्ही बौद्ध माणसं, बावीस प्रतिज्ञा घेतलेली. श्राद्ध नाही, पिंड नाही, अंगात येणं नाही, दृष्ट काढणं नाही. मुलं लहान असताना मी त्यांच्या गालाला काजळाचा ठिपकासुद्धा कधी लावला नाही. म्हणून हे लिहिताना हात अडखळतोय...

माझं शिक्षण चौथीपर्यंत, कऱ्हाडकडच्या एका गावात. चारचौघांत बोलायला मला अजून जमत नाही. पण मुलीकडे एक मासिक येतं, त्यातले असे अनुभव मी अक्षर लावून लावून वाचते, आणि दर वेळी वाटतं की आपलंही एकदा कुठेतरी लिहून ठेवावं. ह्यांना सांगितलेलं नाही. खाली नावही लिहिणार नाही.

आम्ही साउथहॅम्प्टनला राहतो. हे लॉरी चालवायचे. लॉरीचं पुढचं तोंड आमचं स्वतःचं, मागचा ट्रेलर फर्मचा, आणि त्यावर बंदरातून उचललेला कंटेनर. इथे कायदाच आहे की उंच गाडीच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरला दिसेल अशी, गाडीची उंची लिहिलेली पाहिजे. रोजचा माल वेगळा, म्हणून रोजची उंची वेगळी. बाकीचे लोक प्लॅस्टिकची पाटी लावतात. आमच्या केबिनमध्ये मात्र तात्यांची पाटी होती.

तात्या आमच्याच भागातले, ह्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. आधी बोटीवर होते, मग इथे उतरून लॉरीवर लागले. ह्यांना लॉरी त्यांनीच शिकवली. आणि विहार म्हणून भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये रविवारी आम्हा सगळ्यांना धम्म शिकवायचे तेही तेच. त्यांचं एकच सांगणं – कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. गावाकडच्या भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मोठ्याने हसायचे. "अरे, मेलेला माणूस परत येत असता तर माझी आई मला जेवायला बोलवायला आली नसती का?"

ती पाटी त्यांनी आपल्या शेडमध्ये स्वतः बनवली होती. लाकडाची चौकट, आत दोन चाकं, एक फुटांचं आणि एक इंचांचं. इंग्रजी आकडे मी त्या पाटीवरच शिकले. चाकं इतकी घट्ट की फिरवताना अंगठ्याचं नख पांढरं पडायचं, आणि आकडा जागेवर बसला की टक् वाजायचं. उंची लावली की तात्या बोटाच्या पेराने चौकटीवर दोनदा मारायचे, टक टक, आणि म्हणायचे, "आपली उंची आपल्याला ठाऊक पाहिजे. ती दुसऱ्याला विचारायची नाही." रिटायर झाले तेव्हा पाटी काढून त्यांनी ह्यांच्या हातात दिली. पुढे गाडी बदलली तरी ह्यांनी ती पाटी काढून नव्या गाडीत लावली, काचेच्या वर, बरोबर मध्यभागी.

ही गोष्ट घडली त्या वर्षी उन्हाळ्यात तात्या गेले. म्हातारपणानेच गेले, शांतपणे. आम्ही त्रिसरण म्हटलं आणि घरी आलो. तेराव्याचं वगैरे आमच्यात काही नसतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट असेल. नोव्हेंबरची सकाळ, दाट धुकं. न्यूबरीच्या पलीकडे एका गोदामात माल पोचवायचा होता आणि आमची मुलगी न्यूबरीलाच राहते, म्हणून हे म्हणाले, "चल, तुला वाटेत सोडतो." मी तिच्यासाठी गरम भाकऱ्या आणि पिठल्याचा डबा घेतला.

डॉकच्या गेटात ड्रायव्हरशिवाय कुणाला सोडत नाहीत. बाहेर ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला गाड्या थांबायच्या जागेत, एक चहाची व्हॅन असते, मी तिथे थांबायचे. ह्यांची आत जायची वेळ व्हायची होती, म्हणून हेही चहा घेत उभे राहिले. बरोबर टेरी होता, तो इथलाच, पिकलेल्या मिशांचा, आणि गुरदीप, तो पंजाबी. दोघंही जुने ड्रायव्हर. विषय सॅटनॅव्हचा. तेव्हा ते यंत्र नवीन होतं आणि फर्मने सगळ्यांच्या काचेला चिकटवलं होतं. रस्ता दाखवायचं ते, आणि गाडी कुठे आहे ते ऑफिसलाही दाखवायचं.

"मेरी वाली कल मुझे खेत में ले गई," गुरदीप अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत सांगत होता. "आगे गाय, पीछे गाय. और मॅडम बोलती हैं, यू हॅव रीच्ड युअर डेस्टिनेशन!"

"गाईंनी सही करून माल घेतला का?" टेरीने विचारलं.

हे म्हणाले, "यंत्राला काय बोलायचं, त्याला कार आणि लॉरी एकच. पण माणसांनी डोळे मिटलेत त्याचं काय? आताची पोरं केबिनमधून खालीच उतरत नाहीत. टायर बघणं नाही, कंटेनरची कुलुपं बघणं नाही. गाडीभोवती एक फेरी मारायची तर पाय दुखतात. काचेकडे बघितलं की निघाले. ही काय कामाची पद्धत झाली?"

"लडकों का क्या कसूर, भाईसाब?" गुरदीप म्हणाला. "चक्कर मारो, तो दफ्तर से फोन – गाडी क्यों रुकी है?"

"खरंय त्याचं," टेरी म्हणाला. "पूर्वीचा साहेब विचारायचा, माल नीट पोचला का. आताचा विचारतो, स्क्रीनवरचा तुझा ठिपका का हलत नाही."

मग तो माझ्याकडे वळला. इथले लोक कुणालाही 'लव्ह' म्हणतात, सुरुवातीला मला फार लाज वाटायची. "लव्ह, एक सांग. आता सगळे नवरे त्या डबीतल्या बाईचं ऐकतात. ती लेफ्ट म्हणाली की लेफ्ट. तू लेफ्ट म्हणालीस तर हा वळेल का?"

सगळे हसले. मी चहाच्या कपात बघत राहिले.

"ती गाडीत बोलतच नाही," हे म्हणाले. "म्हणून तर नेतो."

तेही खरंच होतं. गाडी चालू असताना ह्यांच्याशी बोलायचं नाही हा आमचा लग्नापासूनचा नियम.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. ऑफिसातला तरुण साहेब. त्याचं बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं. त्या महिन्यात ह्यांना आधीही बोलणी बसली होती. "आज उशीर झाला तर पुढच्या आठवड्यापासून तुझं काम दुसऱ्याला," असं तो सरळ म्हणाला. आमचं घर त्या एका फर्मच्या कामावर चालत होतं. ह्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि आत गेले.

बऱ्याच वेळाने गाडी धुक्यातून बाहेर आली. ले-बायला थांबते न थांबते तोच पुन्हा फोन. "हो सर, निघालो, निघालोच," असं म्हणत हे मला हाताने खुणावत होते – चढ, चढ लवकर! मी डबा सांभाळत चढले. मागे काय लादलंय ते मी बघितलं नाही, आणि बघून मला कळलंही नसतं. पट्टा लावला, डबा मांडीवर घेतला आणि सवयीने पाटीवरचा आकडा वाचला. तेरा फूट, दोन इंच.

थोडं पुढे गेल्यावर सॅटनॅव्हवाली बाई बोलली. मोठ्या रस्त्यावर अपघात झाला होता, तिने दुसरी वाट काढली. हे वैतागले. "आता ही खेड्यातून नेणार." पण वळले. म्हणाले, "ठीक आहे, हा रस्ता ओळखीचा आहे. तात्यांबरोबर आलोय मी इथून."

रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी, फांद्या केबिनला घासत होत्या. धुकं इतकं की पुढची पांढरी रेघ वीस-तीस हातांपर्यंतच दिसायची. वळवायला जागा नाही, थांबायला जागा नाही. ह्यांचा फोन खिशात वाजत होता, वाजून बंद होत होता, पुन्हा वाजत होता. ह्यांच्या कपाळावर घाम दिसला मला. एवढ्या थंडीत.

मग उतार लागला, आणि धुक्यातून लाल त्रिकोणाची खूण आली. पुढे रेल्वेचा पूल. तेरा फूट नऊ इंच. ह्यांनी वर पाटीकडे बघितलं, मीही बघितलं. तेरा-दोन.

"जाते आपली," हे स्वतःशीच म्हणाले. "नेहमी जाते."

सॅटनॅव्हवाली म्हणाली, कंटिन्यू स्ट्रेट अहेड.

आणि मला आवाज आला – टक्. सुका, लाकडाचा. जरा थांबून दोन – टक टक.

तो आवाज मला पाठ होता. आधी चाकाचा, मग पेराचा. मी वर बघितलं.

चौदा-दोन.

समोर धुक्यात काहीतरी काळं, आडवं दिसायला लागलं होतं. डबा मी दोन्ही हातांनी गच्च धरला होता आणि मला तो सोडताही येत नव्हता.

"अहो..."

"काय?" एकदम चिडून.

"अहो, चौदा! पाटी चौदा झालीय!"

ह्यांनी वर बघितलं, आणि अख्खं वजन ब्रेकवर टाकलं. गाडी किंचाळली. मागचं ओझं आम्हाला ढकलत होतं, ओल्या रस्त्यावर चाकं सरकत होती... डबा माझ्या मांडीवरून उडून काचेवर आपटला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा काचेसमोर, जरा वर, पुलाच्या विटा होत्या. इतक्या जवळ की मला त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं, आणि शेवाळाच्या मध्ये आधी अडकलेल्या लॉऱ्यांचे ओरखडे.

मग हे खाली उतरले आणि गाडीभोवती फिरले. सकाळी राहिलेली फेरी त्यांनी तेव्हा मारली. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "उंचवाला आहे," म्हणाले. काही कंटेनर नेहमीच्यापेक्षा फूटभर उंच असतात, ओळखू यावेत म्हणून वरच्या कोपऱ्यांना पिवळे-काळे पट्टे असतात. खाली उतरून नुसतं बघितलं तरी दिसतात. फोनच्या घाईत ह्यांनी बघितलं नव्हतं आणि पाटी कालच्याच उंचीवर राहिली होती. तसेच गेलो असतो तर अख्खा कंटेनर पुलाला धडकला असता, आणि केबिनचं काय झालं असतं कोण जाणे. वरून आगगाडी येत असती तर...

मग ह्यांनी मला विचारलं, "तू फिरवलंस?"

"माझा पट्टा बघा. हात तरी पोचेल का तिथे? आणि डबा होता ना हातात."

ते पाटीकडे बघत राहिले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू पण ऐकलंस?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यानंतर आजपर्यंत ह्यांनी तो विषय काढलेला नाही.

पोलीस आले, रस्ता अडवून गाडी मागे काढून दिली. फोन पुन्हा वाजला तेव्हा ह्यांनी उचलला आणि मी ह्यांना साहेबाशी तसं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "सर, तुमच्या स्क्रीनवर माझा ठिपका दिसतोय ना? त्याच्यापुढे पूल दिसतोय का?" पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही. ते काम आमचं गेलंच. सुदैवाने पुढे गुरदीपच्या ओळखीने दुसरं मिळालं.

मुलीला आम्ही सगळं सांगितलं, पण आवाजाचं सोडून. ती म्हणाली, "बाबा, गाडीच्या हादऱ्याने फिरलं असेल." हे लगेच म्हणाले, "हां, हादऱ्यानेच." मलाही ते पटवून घ्यायचं होतं. खरंच घ्यायचं होतं. कारण हादरा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तात्यांनी फिरवलं म्हणावं, तर तात्यांनी आयुष्यभर जे शिकवलं तेच खोटं पडतं. मेलेला माणूस परत येत नाही हे ज्याने मला शिकवलं, त्याच्याच बोटाचा आवाज मी ओळखला... हे मी विहारात कुणाला सांगू?

पुढे ह्यांनी लॉरी विकली आणि पाटी घरी आली. तेव्हा मला तात्यांचं ते तपासून बघा आठवलं. मी दोन्ही अंगठे लावून फुटांचं चाक तेरावर आणि इंचांचं दोनवर आणलं, नख पांढरं होईपर्यंत. आणि पाटी वॉशिंग मशीनच्या बरोबर वरच्या फळीवर ठेवली. आमचं मशीन जुनं. स्पिनला लागलं की कपाटातल्या बशा वाजतात, एकदा तर साबणाची बाटली वरून खाली पडली. म्हटलं, हादऱ्याने फिरत असेल तर इथे फिरेल. कपडे धुऊन झाले की मी वर बघायचे. तेरा-दोन. दर खेपेला तेरा-दोन.

ह्यांना वाटत असेल की मी पाटी तिथे सहज ठेवलीय, असंच मी समजत होते. एक दिवस हे चहाचा कप ठेवायला आत आले, मशीन गरगरून थांबलं तसे फळीकडे बघून म्हणाले, "हललं का?"

मी म्हटलं, "नाही."

ह्यांनी मशीनवर हात ठेवून बघितलं. मग म्हणाले, "मशीन जुनं झालंय. जास्त जोराचं आणू."

आणलं. नव्याला जोर फार आहे, स्वयंपाकघराची फरशीसुद्धा थरथरते. कपडे लावले की हल्ली हेही दारात येऊन उभे राहतात. आम्ही दोघं नुसतं वर बघतो.

पाटी अजून तेरावरच आहे.